हायड्रॉलिक क्लचचं पेडल जड, मऊ किंवा उशिरा पकडणारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लचच्या पेडलबद्दल विचारणारे बहुतेक जण दोनपैकी एका वाक्याने सुरुवात करतात. ‘पेडल फार जड आहे, गुडघा गेला.’ किंवा ‘पेडलमध्ये काही कळतच नाही, क्लच पकडतो कुठे ते रोज शोधावं लागतं.’ या दोन तक्रारींचे उपाय वेगळे आहेत आणि पुष्कळदा एकीचा उपाय दुसरी वाढवतो. तेव्हा आपली तक्रार कोणती, ते आधी ठरवा. प्रश्न सोप्याकडून अपवादांकडे गेले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे की वायरचा, कसं ओळखू?

बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑईलची टाकी बघा. तिच्यातून एक बारीक रबरी नळी ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूला फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) जात असेल, तर क्लच हायड्रॉलिक आहे. काही गाड्यांत क्लचची छोटी टाकी वेगळी असते. मग गिअरबॉक्सकडे बघा. रबरी बूट आणि एअर (तेलात अडकलेली हवा) काढायचं निप्पल असलेला लहान सिलिंडर फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या दांडीला) ढकलत असेल, तर तो स्लेव्ह सिलिंडर. फोर्क दिसतच नाही आणि फक्त एक पाईप बेल हाउसिंगमध्ये (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचात) शिरतोय, असं असेल तर स्लेव्ह आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला आहे. याला कॉन्सेंट्रिक स्लेव्ह म्हणतात. त्याचे नखरे प्रश्न १७ मध्ये आहेत. फोर्कला तार आणि तिच्या टोकाला ॲडजस्टिंग नट दिसला तर क्लच वायरचा. मारुती ८०० चा असाच होता.

२. पेडल दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

पेडल ही एक तरफ आहे. ती पायाचा जोर काही पटींनी वाढवून पुशरॉडला देते. पुशरॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो, तेल पाईपमधून स्लेव्हकडे जातं आणि स्लेव्हचा पिस्टन फोर्क व त्याच्या टोकाच्या रिलीज बेअरिंगमार्फत प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) डायफ्रॅमची, म्हणजे चकतीसारख्या स्प्रिंगची, बोटं दाबतो. मग क्लच प्लेटवरची पकड सुटते. पेडल सोडलं की डायफ्रॅमच तेल मागे ढकलतो.

पायाला जाणवणारं सगळं या साखळीतून येतं: डायफ्रॅमचा जोर, पाईपची फुगण्याची सवय, तेलातली हवा, मधे बसवलेले व्हॉल्व्ह आणि डॅम्पर (प्रश्न ८ आणि ९), पेडलच्या वरची स्प्रिंग, फोर्कच्या टेकूवर वाळलेलं ग्रीस. ‘पेडल सुधारायचं’ म्हणजे यातली बिघडलेली किंवा मुद्दाम बोथट केलेली कडी शोधायची.

३. चांगलं पेडल म्हणजे हलकं पेडलच ना?

रोज दोन तास सिग्नलमध्ये उभं राहणाऱ्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण पेडल इतकं हलकं असेल की प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) टेकल्याचं पायाला कळत नाही, तर माणूस हाफ क्लच जास्त वेळ धरतो, गाडी उचक्या देते आणि प्लेट लवकर झिजते. थोडं वजन असलेलं, पण दाबताना एकसारखं वाढणारं आणि ठरावीक जागी पकडणारं पेडल दिवसअखेर पायाला कमी थकवतं, असं माझं मत आहे.

एक फुकटचा उपाय आधी करा. सीट एक-दोन खाच पुढे घ्या. पेडल तळाला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि दाब बोटांनी नव्हे, चवड्याने गेला पाहिजे. जड पेडलच्या कितीतरी तक्रारी सीट सरकवल्यावर निम्म्या होतात.

४. काहीही बदलण्याआधी काय तपासू?

हे उत्तर टाळून थेट पार्ट मागवणारे पुष्कळ असतात. पण जुनी गाडी असेल तर नव्वद टक्के ‘मॉडिफिकेशन’ इथेच संपतं, असं मी छातीठोकपणे सांगेन.

आधी तेल. टाकीतलं तेल चहासारखं किंवा काळं झालं असेल तर आत सील झिजतायत आणि रबराची भुकटी तेलात उतरतेय. मग गळती. गाडीत वाकून पुशरॉड जिथे फायरवॉलमध्ये जातो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टरचा मागचा सील गेला. खाली स्लेव्हचा रबरी बूट किंचित उचलून बघा, आत तेल साचलेलं असेल तर स्लेव्ह गेला. बाहेर काहीच ओलं नाही, पण सिग्नलला पेडल दाबून धरलं की गाडी हळूहळू पुढे सरकू लागते, तर मास्टरच्या आतला सील तेल मागे सोडतोय.

मग सुक्या जागा. पेडलच्या खिळीतलं प्लॅस्टिकचं बुश आणि पुशरॉडची पिन झिजली की पेडल वर मोकळं हलतं आणि करकरतं. फोर्क ज्या गोल टेकूवर फिरतो त्याचं ग्रीस वाळलं की पेडल खरबरीत आणि जड होतं. दुर्दैवाने तिथे पोहोचायला सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून प्लेट बदलताना हे काम करून घ्या, परत संधी येत नाही.

शेवटी फायरवॉल. बॉनेट उघडं ठेवून कुणालातरी पेडल दाबायला सांगा आणि मास्टरकडे बघा. मास्टरसकट पत्रा पुढे वाकताना दिसला तर तुमच्या पायाचा जोर पत्रा वाकवण्यात जातोय. जुन्या किंवा जड प्रेशर प्लेट बसवलेल्या गाड्यांत हे होतं. तिथे कितीही चांगला पाईप टाकला तरी पेडल मऊच राहणार. पत्र्याला आधाराची पट्टी लावणं हाच उपाय.

५. गॅरेजमध्ये एअर काढली, तरी पेडल मऊच. असं का?

कारण ब्रेकची एअर काढायची पद्धत क्लचला नेहमी लागू पडत नाही. क्लचच्या एका दाबात थोडंसंच तेल सरकतं. पाईपला मधे उंचवटा असेल तर बुडबुडा तिथेच मागेपुढे करत बसतो, निप्पलपर्यंत पोहोचतच नाही.

अशा वेळी उलटी पद्धत वापरा. मोठी सिरिंज आणि पारदर्शक नळी घ्या, आतली हवा आधी काढून टाका, स्लेव्हच्या निप्पलला नळी लावा आणि ताजं तेल खालून वर हळू ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट मिळते. टाकीतलं जास्तीचं तेल आधी उपसून ठेवा, नाहीतर ते सांडेल. ब्रेक ऑईल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुनं, काळं तेल भरलेलं असेल तर उलटी पद्धत नको, सगळा गाळ वर टाकीत जातो. आधी वरून तेल बदलून घ्या.

टाकी ब्रेक आणि क्लच दोघांची असेल तर क्लचची नळी सहसा थोड्या वरच्या पातळीवर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं तेल उरावं. त्याचा दुसरा अर्थ असा की एअर काढताना टाकी थोडी जरी उतरली तरी क्लच लगेच हवा ओढतो. टाकी भरलेलीच ठेवा.

नवा मास्टर बसवत असाल तर तो गाडीत लावण्याआधी टेबलावर तेल भरून त्याची हवा काढा. नंतरचा निम्मा वैताग वाचतो.

६. तेल कोणतं टाकू? डॉट ५.१ टाकलं तर पेडल कडक होईल का?

नाही. कोरडं, ताजं डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ तेल पायाला सारखंच लागतं. फरक उकळबिंदूत आहे. ताज्या तेलासाठी किमान मर्यादा अनुक्रमे २०५, २३० आणि २६० अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषलेल्या तेलासाठी १४०, १५५ आणि १८० अंश. ही तेलं हवेतलं पाणी ओढून घेतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हेच चालू असतं. दर दोन वर्षांनी तेल बदललं तर डॉट ४ पुरेसं आहे.

टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच वापरा. डॉट ५ हे नावाने ५.१ चं भावंड वाटलं तरी ते सिलिकॉनचं तेल आहे, बाकीच्यांत मिसळू नका. इंजिन ऑईल, पॉवर स्टिअरिंग ऑईल किंवा साधं ग्रीस या सीलना लागलं तर रबर फुगतं आणि मास्टर-स्लेव्ह दोन्ही जातात.

७. स्टीलची जाळी असलेला पाईप लावला तर किती फरक पडतो?

मूळ पाईपचा बराचसा भाग धातूचा असतो. फुगतो तो मधला रबरी तुकडा. तो जुना, मऊ झालेला असेल तर आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची वीण असलेला पाईप लावल्यावर पकडायची जागा स्पष्ट होते आणि उन्हात-गारव्यात फारशी हलत नाही. रबरी तुकडा चांगला असेल तर फरक जेमतेम जाणवतो. नव्या गाडीवर फक्त ‘फील’साठी हा खर्च मी करणार नाही. पंधरा वर्षांच्या गाडीवर नक्की करेन, कारण रबरी पाईप तसाही बदलायचाच असतो.

पेडल यामुळे हलकं होत नाही. झालंच तर किंचित जड वाटतं, कारण आता तुमचा जोर वाया जात नाही.

लावताना वीण कशालाही घासणार नाही हे बघा. स्टीलची वीण शेजारची वायर करवतीसारखी कापते. जोड चांगल्या प्रेसवर दाबलेले हवेत, हाताने पिळून बसवलेले घेऊ नका. बदली पाईप मूळ डॅम्पर किंवा व्हॉल्व्ह वगळून जात असेल तर प्रश्न ८ आणि ९ आधी वाचा.

८. ‘क्लच डिले व्हॉल्व्ह’ म्हणजे काय, आणि तो काढावा का?

हा पाईपमध्ये किंवा स्लेव्हमध्ये बसवलेला, बारीक छिद्राचा अडथळा. पेडल झटकन सोडलं तरी तेल त्या छिद्रातूनच हळू परत येतं, त्यामुळे क्लच धक्का न देता पकडतो. नवशिक्याने पाय सोडला तरी गिअरबॉक्स आणि शाफ्टला फटका बसू नये, हा हेतू. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या ३ सिरीजमध्ये तो होता आणि त्या गाड्यांच्या मालकांनीच तो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. होंडा सिव्हिकच्या दहाव्या पिढीबद्दल अमेरिकेतले वाचकही हेच विचारतात.

त्रास असा की तुमचा पाय आणि प्लेट यांच्यात वेळेचं अंतर पडतं. पाय वर आला, पण प्लेट अजून घसरतेच आहे. गिअर पटापट बदलले तर प्रत्येक वेळी थोडी घसरण होते, प्लेट तापते, आणि क्लच कुठे पकडतो ते कधीच नीट कळत नाही, कारण ती जागा पाय सोडण्याच्या वेगानुसार बदलते.

तो काढल्यावर पेडलचं वजन बदलत नाही, पाय आणि प्लेट मात्र एकत्र चालू लागतात. पेडलमध्ये ‘जीव आला’ असं म्हणणारे बहुतेक जण याच बदलाबद्दल बोलत असतात. माझ्या मते सगळ्या बदलांत कमी खर्चात सर्वाधिक गुण देणारा बदल हाच.

दोन अटी. तुमच्या गाडीत तो खरंच आहे का, हे पार्टच्या आकृतीत बघून घ्या. पुष्कळ गाड्यांत नसतो. आणि गाडी घरात नवशिके चालवत असतील तर राहू द्या, त्याने काम करायचंय ते याच लोकांसाठी. काढताना मूळ व्हॉल्व्हला ड्रिल मारू नका. धातूचा एखादा कण आत राहिला तर स्लेव्हचा सील कापेल. मधला सरळ जोड मिळतो, तो लावा आणि मूळ व्हॉल्व्ह जपून ठेवा.

९. पाईपच्या मधे एक चपटी डबी किंवा गुंडाळलेला पाईप आहे. तोही काढू का?

तो डॅम्पर आहे, डिले व्हॉल्व्ह नव्हे. इंजिनाची थरथर डायफ्रॅमच्या बोटांमार्फत तेलात येते आणि तेलातून पायात. डॅम्परमधला पडदा ती खातो. जाताजाता तो थोडं तेलही सामावून घेतो, म्हणून पेडल किंचित मऊ लागतं. पेट्रोल गाडीत काढला तर बहुधा चालून जातं. डिझेलमध्ये काढल्यावर काही आरपीएमला पेडल पायाखाली गुणगुणायला लागतं आणि लोक आठवड्याभरात तो परत लावायला येतात. डिझेलवाल्यांना माझं उत्तर: नको.

१०. पेडल मधेच एकदम हलकं होतं आणि खाली ओढलं जातं. हे कशामुळे?

पेडलच्या वरच्या टोकाला मदतनीस स्प्रिंग असते. पेडल वर असताना ती त्याला वर धरते, मध्य ओलांडला की खाली ढकलायला मदत करते. त्यामुळे तळाशी जोर कमी लागतो, पण नेमक्या पकडायच्या पट्ट्यातलं वजन स्प्रिंग खाऊन टाकते आणि पायाला खबर लागत नाही. फोक्सवॅगन गोल्फचे मालक ही स्प्रिंग काढून टाकतात. टोयोटा जीटी८६ आणि सुबारू बीआरझेडवाले तिच्या जागी कमी जोराची स्प्रिंग लावतात. मला दुसरा मार्ग जास्त पटतो.

स्प्रिंग पूर्ण काढली की पेडल जड होतं, पण एकसारखं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हा सौदा परवडतो का, ते तुमच्या गुडघ्याला विचारा. काढल्यावर पेडल स्वतःहून पूर्ण वर येतंय ना, हे बघा. येत नसेल तर वरचा क्लच स्विच दाबला जात नाही आणि क्रूझ कंट्रोल चालत नाही. शिवाय मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आणि ते जास्त घातक (प्रश्न १२). स्प्रिंग ताणलेली असते, काढताना डोळ्यांना चष्मा लावा.

११. मोठा मास्टर सिलिंडर टाकला तर पेडल कडक होतं म्हणतात. आणि मोठा स्लेव्ह टाकला तर हलकं?

दोन्ही खरं आहे. मात्र त्यासोबत काय जातं ते आकड्यांत बघा. समजा मास्टर १५.८७ मिमी (५/८ इंच), स्लेव्ह २०.६४ मिमी (१३/१६ इंच) आणि पुशरॉडची चाल ३० मिमी. मास्टरमधून साधारण ५.९ घन सेंमी तेल जातं आणि स्लेव्ह १७.७ मिमी सरकतो.

आता मास्टर १९.०५ मिमीचा (३/४ इंच) टाका. तितक्याच चालीत ८.६ घन सेंमी तेल जाईल आणि स्लेव्ह २५.६ मिमी सरकेल. पायाला लागणारा जोर ४४ टक्क्यांनी वाढेल. पेडल ‘कडक’ वाटेल, चाल छोटी वाटेल, पण तळापर्यंत दाबलं की डायफ्रॅमची बोटं गरजेपेक्षा ८ मिमी जास्त ढकलली जातील. बोटं वाकतात, थकतात, कधी प्रेशर प्लेटच्या आत घासतात. स्लेव्ह कॉन्सेंट्रिक असेल तर त्याचा पिस्टन सीलबाहेर येऊ शकतो.

उलट मास्टर तोच ठेवून स्लेव्ह २२.२२ मिमीचा (७/८ इंच) टाका. जोर सुमारे १४ टक्क्यांनी कमी होईल, पण स्लेव्ह १५.३ मिमीच सरकेल. क्लच पूर्ण सुटणार नाही, रिव्हर्स टाकताना गिअर करकर वाजेल आणि सिंक्रो रिंगांची (गिअर न वाजता पडावा म्हणून असलेल्या कड्यांची) वाट लागेल. पेडल हलकं झालं म्हणून लोक खूश असतात, गिअरबॉक्सचं बिल सहा महिन्यांनी येतं.

हायड्रॉलिक्समध्ये जोर आणि चाल यांची अदलाबदल होते, फुकट काही मिळत नाही. प्रेशर प्लेट किंवा गिअरबॉक्स बदलल्यामुळे चाल मुळातच कमी-जास्त झाली असेल, तरच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) बदलायचा विचार करा. तेव्हाही एकच पायरी वर-खाली जा, आणि पेडलला स्टॉप लावा (प्रश्न १३).

१२. क्लच फार खाली पकडतो. पुशरॉड लांब करून वर आणता येईल का?

येईल, पण थोडाच. मास्टरच्या आत एक बारीक भरपाईचं छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असताना ते उघडं असतं, त्यातून पाईपमधलं तेल आणि टाकीतलं तेल एकमेकांना भेटतं. इंजिन तापलं, तेल फुगलं की जास्तीचं तेल तिथून टाकीत जातं. प्लेट झिजते तशी स्लेव्हची जागा बदलते, तोही हिशेब याच छिद्रातून होतो.

पुशरॉड जास्त लांब केला की पिस्टन कायमचा थोडा आत राहतो आणि छिद्र झाकलं जातं. सकाळी गाडी छान चालते. तापल्यावर फुगलेल्या तेलाला जागा नसते, ते रिलीज बेअरिंग दाबून धरतं, प्लेट घसरू लागते आणि घाटात जळका वास येतो. गाडी गार झाली की सगळं पुन्हा ठीक. ‘गरम झाल्यावरच घसरतो’ अशी तक्रार आली की आधी विचारायचं, अलीकडे पुशरॉडला हात लावला होता का.

नियम असा: पेडलला वरच्या बाजूला मोकळी चाल राहिलीच पाहिजे. पुशरॉड आणि पिस्टन यांत साधारण १ ते ३ मिमी, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. लॉकनट सैल करून अर्धा-अर्धा फेरा फिरवा, घट्ट करा, गाडी तापेपर्यंत चालवून बघा. पुष्कळ नव्या गाड्यांत पुशरॉडला ॲडजस्टमेंटच नसते. त्यांत क्लच खाली पकडू लागला असेल तर प्रश्न ४ आणि ५ कडे जा, कारण तो आधी वर पकडत होता आणि मधे काहीतरी बिघडलंय.

१३. पेडलखाली स्टॉप लावण्याचा उपयोग काय?

क्लच पूर्ण सुटल्यानंतरही पेडल बरंच खाली जातं. ती चाल निरुपयोगी असते. पेडल किंवा फरशीला उंची बदलता येणारा रबरी ठोकळा लावला की पाय तिथेच थांबतो. पाय कमी उचलावा लागतो, पकडायची जागा सापडायला सोपी जाते, डायफ्रॅम वाचतो.

उंची ठरवताना गाडी तापलेली हवी. सपाट जागी, इंजिन चालू, पेडल स्टॉपपर्यंत दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. वाजला तर स्टॉप खाली घ्या. न वाजता पडला तरी आणखी थोडी चाल शिल्लक ठेवा. नव्या गाड्यांत खालचा क्लच स्विच दाबला गेल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. स्टॉप त्याच्या वर बसला तर सकाळी गाडी सुरूच होणार नाही आणि तुम्ही बॅटरीला शिव्या घालत बसाल.

१४. गाडी नवी असताना पेडल हलकं होतं, आता ८०,००० किलोमीटरनंतर जड झालंय. हायड्रॉलिक्स बिघडलं?

बहुधा नाही. साध्या डायफ्रॅम क्लचमध्ये प्लेट पातळ होते तशी बोटं बाहेर येतात, डायफ्रॅमचा कोन बदलतो आणि तो दाबायला जास्त जोर लागतो. जड झालेलं पेडल ही अशा वेळी क्लच सेट बदलायची सूचना असते. मास्टर-स्लेव्ह बदलून काही होणार नाही. स्वतः ॲडजस्ट होणाऱ्या प्रेशर प्लेटमध्ये हे वजन बरंचसं कायम राहतं. सेट बदलताना फोर्कचा टेकू (प्रश्न ४) आणि रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळीही बघून घ्या. तिच्यावर खाच पडली असेल तर नवीन सेटवरही पेडल अडखळतं.

१५. इंजिन रीमॅप केलंय (ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय), म्हणून जास्त पकडीची प्रेशर प्लेट टाकली. आता पेडल दगड झालंय. काय करू?

पकड वाढवण्यासाठी डायफ्रॅम कडक केला की पेडल जड होणारच. मोठा स्लेव्ह टाकायचा मोह होईल, प्रश्न ११ वाचा. यापेक्षा प्लेटच्या अस्तराचा प्रकार बदलून पकड वाढवणारा सेट पाहा. फक्त सिरॅमिकचे तुकडे लावलेली प्लेट रस्त्यावर नको. ती पकडते किंवा सोडते, मधलं काही नाही, आणि सिंहगड रोडच्या संध्याकाळी तुम्हाला मधलंच हवं असतं.

१६. खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिक लागला की पेडल मऊ पडतं, खाली उतरल्यावर पुन्हा ठीक होतं. तेल उकळतं का?

शक्य आहे. स्लेव्ह किंवा पाईप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल आणि तेल जुनं, पाणी प्यालेलं असेल तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. आधी तेल बदला (प्रश्न ६), मग पाईपवर उष्णता अडवणारी गुंडाळी चढवा.

पण चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची सवय असेल तर दोष तेलाचा नाही. प्लेट आणि प्रेशर प्लेट तापून पकडायची जागा सरकते. त्याला हँडब्रेक हाच उपाय. गरम झाल्यावर पेडल मऊ न होता क्लच घसरत असेल, तर प्रश्न १२.

१७. स्लेव्ह आत, शाफ्टभोवती आहे. वरचे उपाय त्याला चालतात का?

पाईप आणि पेडलवरचे उपाय चालतात, काळजी जास्त घ्यावी लागते. त्याला पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच सेट बदलताना हा स्लेव्हही नवाच टाका, जुना चांगला दिसत असला तरी. गिअरबॉक्स बाहेर असताना कुणीही पेडलला पाय लावू नये. समोर दाबायला डायफ्रॅम नसतो, पिस्टन बाहेर पडतो आणि नवा पार्ट तिथेच वाया जातो. पेडलला चिठ्ठी बांधून ठेवा. एअर काढतानाही कोरड्या सिस्टीमवर पटापट पंप मारू नका, प्रश्न ५ ची उलटी पद्धत सर्वांत सुरक्षित.

१८. वायरचा क्लच हायड्रॉलिक करून घेतला तर?

पेडल बॉक्स बदलायचा, मास्टरसाठी फायरवॉल भोकायची आणि मजबूत करायची, गिअरबॉक्सवर स्लेव्हचा ब्रॅकेट बनवायचा, वर प्रश्न ११ चं गणित जुळवायचं. इतकं करून हाती येतं ते चांगल्या नव्या वायरपेक्षा फारसं वेगळं नसतं. कंपनीची नवी वायर टाका आणि ती कुठे तीव्र वळण घेत नाही हे बघा.

१९. वॉरंटी, इन्शुरन्स आणि आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. क्लचचा पाईप किंवा पेडलची स्प्रिंग त्या प्रमाणपत्रात नसते. नियमबाह्य बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, म्हणून इंजिन किंवा गाडीचा सांगाडा बदलण्याच्या गोष्टी यात मिसळू नका. वॉरंटीचा प्रश्न जास्त व्यवहारी आहे. क्लच किंवा गिअरबॉक्सचा दावा करताना बदललेला पार्ट दिसला तर कंपनी नाकारू शकते. वॉरंटी संपेपर्यंत स्टॉप आणि सीटवर भागवा, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

२०. जास्त आरपीएमला झटकन गिअर बदलला की पेडल खालीच चिकटतं. डिले व्हॉल्व्ह तर नाहीये. मग?

हा चिवट अपवाद आहे. अमेरिकेतले शेव्हरोलेट कॉर्व्हेटचे मालक याच तक्रारीसाठी ओळखले जातात. जास्त वेगात फिरताना डायफ्रॅमच्या बोटांवर केंद्रोत्सारी बल येतं आणि ती मागे यायला कचरतात. त्यातच क्लचची भुकटी तेलात शिरली असेल किंवा मास्टरचा सील थकला असेल तर तेल परत यायला वेळ लागतो, आणि पेडल तळाला राहतं.

पहिला उपाय तेल. टाकीतलं तेल सिरिंजने उपसा, नवं भरा, पेडल वीस-तीसदा दाबा, पुन्हा उपसा. टाकीत काळपट रंग यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा, मग खालून एअर काढा. तरीही चिकटत असेल तर मास्टर बदला. त्यानंतरही होत असेल तर मदतनीस स्प्रिंग (प्रश्न १०) पेडलला खाली धरतेय का ते बघा. मध्य ओलांडलेलं पेडल तीच खाली ढकलत असते. स्प्रिंग काढल्यावर किंवा सौम्य केल्यावर चिकटणं थांबलं तर उत्तर सापडलं. नाही थांबलं, तर प्रेशर प्लेट त्या आरपीएमसाठी बनलेलीच नाही. अशा वेळी पेडल आणि हायड्रॉलिक्सवर आणखी खर्च न करता क्लच सेट बदला.